काचेमागचा मुखवटा

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट लहानशी आहे. सांगता सांगता आवाज चढला, तर तेवढं सांभाळून घ्या.

सभागृहातल्या पडद्यावर एक निळी रेघ चढत होती. लोकनाट्य आणि विधिनृत्यांवर दर वर्षी किती शोधनिबंध छापून येतात, त्याची रेघ. प्राध्यापक तिच्या टोकावर लाल ठिपका नाचवत होता.

"या विषयाला इतके चांगले दिवस कधीच नव्हते," तो म्हणाला. टाळ्या झाल्या.

चहाची सुट्टी होताच त्याच्या थोरल्या बहिणीने त्याला बाहेर, काचेच्या कपाटापाशी गाठलं. कपाटात तिचा नवरा खेळात चढवायचा तो मुखवटा होता. निबंधासाठी फोटो काढून लगेच आणून देतो, म्हणून भावाने नेलेला. तिच्या हातात पिशवी होती, आत मऊ कापड अंथरलेली.

"उघड. संध्याकाळी खेळ आहे."

"ताई, बाहेरचे पाहुणे यायचेत. 'जिवंत परंपरा' या दालनात मुख्य वस्तू हीच आहे."

"जिवंत आहे म्हणून कुलूप लावलंत होय?"

"एका खेळापुरता दुसरा घाला ना."

राग आला की तिचा आवाज खाली जायचा. "बाळ्या, हे तू बोलतोस?"

त्याने मान फिरवली. त्याला सगळं ठाऊक होतं. हा मुखवटा नुसता हातात देत नाहीत. जुना नट तो स्वतः चढवतो, त्यात श्वास घेतो, आणि उतरवून तसाच, कोमट असताना, वारसाच्या चेहऱ्यावर ठेवतो. त्या कोमटपणावरच तर याचा पहिला निबंध गाजला होता.

"भाऊजी कसे आहेत?"

"श्वास चालू आहे. डॉक्टर उद्याचं काही बोलत नाहीत. लेकीला आजच द्यायचाय त्यांना."

"मुखवट्याची नोंद झालीये, ताई. आता तो विभागाचा. माझ्या हातात असतं तर..."

"आमच्या भिंतीवरून काढताना बरं तुझ्या हातात होतं."

आतून त्याला बोलावणं आलं. पुढचं सत्र त्याचंच होतं: नवी पिढी या भूमिका का घेत नाही. कोट नीट करत तो वळला.

"एक कारण माझ्याकडून घे," ती मागून म्हणाली. "पोर तयार होती. मुखवटा मामाच्या कपाटात होता."

दार लागलं. आत पुन्हा टाळ्या वाजल्या. ती रिकामी पिशवी घेऊन जिना उतरली.

ती निळी रेघ तुम्हाला कुठे दिसली, आणि कुणी तिचं कौतुक करू लागलं, तर माझं एवढं ऐका. त्या मुलीची आठवण ठेवा. बापाच्या खाटेला टेकून, केस घट्ट बांधून, डोळे मिटून, चेहरा वर करून ती बसली होती.