झाकण

अंटार्क्टिकाच्या वाटेवरच्या हर्ड बेटावरचा ज्वालामुखी क्वचितच ढगांतून डोकं काढायचा, म्हणून तिथल्या संशोधन तळावर रिवाज होता: ज्याला शिखर दिसेल त्याने पातेल्याचं झाकण बडवायचं, आणि बघायला जो शेवटी पोहोचेल त्याने सगळ्यांची भांडी घासायची. आज त्यांच्यातला क्लेम एकटाच पेंग्विन मोजायला हिमनदीपलीकडे गेला, मागोमाग धुकं उतरलं. दोन तास झाले. आचारी अर्नी शेगडीपासून दारापर्यंत नुसता येरझारा घालत होता. मग झाकण उचलून तो बाहेर गेला आणि बडवतच सुटला. "वेड लागलंय का? हातभरावरचं दिसेना, शिखर कुठलं?" आतून कुणीतरी खेकसलं. अर्नी थांबला नाही. अखेर धुक्यातून क्लेम धापा टाकत धावत आला. "कुठाय शिखर? शेवटचा नाही ना मी?" "दडलं की लेका! तूच शेवटचा, घास भांडी," अर्नी म्हणाला. पण भांडी अर्नीनेच घासली. झाकणाला पडलेले पोचे त्याला कुणालाच दाखवायचे नव्हते.