अटकेची तारीख

"सोमवारी सकाळी अकरा वाजता धरलाय त्याला, भर बाजारात! आज गुरुवार उजाडला! चोवीस तास एवढे लांब कुठल्या कारखान्यात बनवून आणता हो तुम्ही?"

बाईने टेबलावर हात आपटला आणि हवालदाराचा चहा कपातून उडी मारून बशीत जाऊन बसला. आवाज असा की पोलीस ठाण्यासमोरच्या सलूनमध्ये न्हाव्याचा हात हलला आणि एका भल्या माणसाची अर्धी मिशी गेली. ठाण्याच्या भिंतीवरची पाल तर त्या दिवसापासून कोणाला दिसलीच नाही.

हवालदार तीन दिवसांची रजा संपवून आजच हजर झाला होता. खुर्चीत टेकतो न टेकतो तोच साहेबांनी अटकेची वही पुढ्यात सरकवली होती. आतल्याचं नाव लिही, अटक आजची दाखव, एवढं बोलून ते आपल्या खोलीत गेले होते. पेनाचं टोपण काढलेलं, पान उघडं, आणि तेवढ्यात ही बाई आली.

आतला म्हणजे घरफोडीत धरलेला एक काटकुळा तिशीतला माणूस. डोळा सुजून बटाट्याएवढा झालेला. डावा हात त्याने छातीशी असा धरला होता, जणू दुसऱ्या कोणाचा सांभाळायला दिलाय. बाईला पाहताच तो गजांपासून मागे सरला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

"तोंड काय लपवतोस, मेल्या!" ती त्याच्यावरही कडाडली. "आत्ता लाज वाटते होय? तेव्हा कुठे शेण खायला गेली होती?"

आईच ही, हवालदाराच्या मनात आलं. शिव्या घालेल, पण पाठ सोडणार नाही. 

आतल्या खोलीतून साहेब आले. आधी पोट आलं, मग साहेब.

"कोण बोंबलतंय? हां, याची आई वाटतं! फार गुणाचं लेकरू आहे हो तुमचं. अजून सात घरफोड्या कबूल करायच्या राहिल्यात. तेवढ्या झाल्या की नेतो कोर्टात."

"केल्या असतील तर ते कोर्ट ठरवील. धरल्यापासून चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभा करायचा, असं देशाच्या घटनेत लिहिलंय. का धरलं ते सांगायचं, वकील भेटू द्यायचा, तेही लिहिलंय. कोर्ट दोन गल्ल्या सोडून आहे. माझे गुडघे हे असे, तरी दहा मिनिटांत पोचते मी."

"अरे वा! कुठल्या वकिलीणबाई म्हणायच्या आपण?"

"शिंपीण. तीस वर्षं वकिलांचे काळे कोट शिवतेय. छातीचं माप घेताना वकील कधी गप्प बसत नाही. बसलाच तर समजायचं, गेला."

हवालदाराला हसू फुटलं. ते त्याने कसंबसं खोकल्यात गुंडाळलं.

साहेब मात्र हसले नाहीत. "घटना-बिटना तिकडे रस्त्यावर. या दारातून आत आलं की फक्त मी. मीच धरणार, मीच ठरवणार, आणि मीच सोलणार!"

"मग त्या कोर्टातल्या न्यायाधीशबाई काय तिथे बसून मटार सोलतात?" बाईचा आवाज एकदम खाली आला, आणि तो जास्त भाजणारा होता. "कायदा करणारे वेगळे, धरणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे. सगळं एकाच्याच मुठीत गेलं की काय होतं, ते भोगलेल्या लोकांनी लिहून ठेवलंय ते. देवमाणसांसाठी नाही लिहिलं, साहेब. तुमच्यासाठी लिहिलंय. आणि याच्यासाठी." तिने कोठडीकडे बोट केलं.

"लिही रे!" साहेब हवालदारावर खेकसले. "आजची तारीख टाक!"

हवालदाराने पेन उचललं. वहीच्या पानांवर नंबर छापलेले होते. एकदा शाई टेकली की पान फाडायची सोय नाही. आजची तारीख टाकली की मागचे तीन दिवस घडलेच नाहीत. तो डोळा नाही, तो हात नाही. उद्या आत काही बरंवाईट झालं तरी वही म्हणणार, कालच तर आणला होता. बावीस वर्षांत असे किती 'आज' त्याने लिहिले होते, ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्याच्या कानांतून वाफ निघाली, ती साहेबांवर नव्हे, त्या स्वतःच्या वळणदार अक्षरावर.

त्याने लिहिलं, आणि लिहिलेलं मोठ्याने वाचलं. "अटक, सोमवार, सकाळी अकरा."

साहेब पिकल्या टोमॅटोसारखे झाले. "बदली करीन तुझी! अशा जागी फेकीन की पत्र घेऊन निघालेला पोस्टमन वाटेतच निवृत्त होईल!"

"फेका साहेब." त्याने उघडी वही साहेबांपुढे सरकवली. "पण आधी याला कोर्टात न्या. वहीत उशीर दिसतोय, आणि दर तासाला वाढतोय."

साहेबांनी पान पाहिलं. पानावरचा नंबर पाहिला. मग दातओठ खात गाडी काढायला सांगितलं.

कोठडीचं कुलूप निघालं. हवालदार उरलेले रकाने भरायला बसला. अटकेची खबर कोणाला दिली, तो रकाना कोराच होता.

"मावशी, इथे तुमचं नाव घालतो," तो मऊ आवाजात म्हणाला. "पुढे नातं लिहायचंय. आई ना?"

"आई? याची?" बाई अशी गर्रकन वळली की साहेबांची टोपी खाली पडली. "माझं घर फोडलंय या मेल्याने! बाजारात कॉलर धरून तुमच्या गाडीत कोंबला, तो मीच. लिहा तिथे, फिर्यादी!"