मालकांच्या चपला

"मालक पुण्याला हायेत," तानुबाई म्हणाली आणि दारातल्या पुरुषी चपलांवरची धूळ तिनं पदरानं पुसली. "लय काम असतंय कंपनीत."

धम्मशीलानं मान हलवली. कागदावर काही लिहिलं नाही. सकाळपासून पाहिलेला हा नववा जोड, आणि नववे मालक पुण्याला. वेचणीचे दिवस होते. कापसाचे पुंजके गल्लीभर तरंगत होते आणि हळूच त्या चपलांत येऊन बसत होते. दुपारच्या पांढऱ्या उन्हात सगळं गाव अर्धवट झोपेत होतं. पुणं तेवढं जागं असावं, इतके पुरुष तिकडं कामाला लागले होते.

त्या चपलांची टाच झिजलेली कुणी पाहिली नव्हती. पण गावात तशी रीतच पडून गेली होती. नवऱ्यानं टाकलं की बाईनं बोभाटा करायचा नाही, पुरुषी चपलांचा एक जोड दारात ठेवायचा. कोर्टाच्या हुकमानं महिन्याला पोटगी यायची, तिला 'मालकांनी धाडलेले पैसे' म्हणायचं. अगदीच खोटं म्हणावं, तर पैसे त्याचेच असत. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि विचारायचा आगाऊपणा कुणी करत नसे.

आता विचारायला लावलं सरकारनं. पोटगीचा कायदा बदलायचं घाटत होतं म्हणे. नवऱ्यानं पाच वर्षं पैसे भरले की तो मोकळा. मग या बायका निराधारांच्या यादीत येणार आणि खर्च सरकारच्या गळ्यात पडणार. तो किती पडेल, हे आधी कळायला हवं. म्हणून पोटगीवर जगणाऱ्या बायकांची नावं लिहायचा कागद गावोगावच्या अंगणवाडीत आला होता. इथल्या अंगणवाडीची बाई धम्मशीला.

"मावशी, नाव लिवू द्या," ती म्हणाली. "उद्या पोटगी बंद झाली तर निराधारचं तरी मिळंल. नावच नसलं तर तुमच्यासाठी पैसा ठेवणार कोण?"

"कुणाची पोटगी?" तानुबाई म्हणाली. "चहा टाकू का?"

शेवटचं घर उमादेवीचं. तिनं अंगणात सडा टाकला होता, कपाळावर ताजं भस्म होतं. "आमचे तर आज पॅसेंजरनं यायलेत," ती म्हणाली. तेवढ्यात पिंगळी स्टेशनाकडून गाडीची शिट्टी आली. दोघी रस्त्याकडं बघत राहिल्या. लांबून कुणीतरी पिशवी घेऊन चालत येतंय, असं क्षणभर धम्मशीलालाही वाटलं. नुसतं ऊन हलत होतं.

घरी येताना तहसीलच्या महांतेशचा फोन आला.

"ताई, किती नावं झाली?"

"एकबी न्हाई, साहेब."

"बेस झालं की! शून्य लिवून टाका. शून्य म्हंजे सरकारला खर्च न्हाई, आन खर्च न्हाई तर कायद्याला अडचण न्हाई. उद्या दुपारी येतो कागद न्यायला."

धम्मशीला आपल्या दारात येऊन थांबली. दारात काळ्या चपलांचा जोड होता. दर रविवारी ती त्याला तेलाचा हात लावायची. तिचे मालकही पुण्यालाच होते, सात वर्षांपासून. त्यांच्याच पैशावर लेक सुकेशनी परभणीला वसतिगृहात राहून बारावी करत होती. "पप्पांनी धाडलेत गं," असं लेकीला सांगताना धम्मशीलाला कधीकधी खरंच वाटायचं की त्यांनी धाडलेत. ते स्वप्न तिनं सात वर्षं चपलांसारखंच पुसूनपुसून ठेवलं होतं. आता त्या कागदावर एक शून्य काढलं की कायदा होणार, पाच वर्षं कधीच भरून झालेला नवरा सुटणार, लेकीचं शिक्षण बुडणार होतं, आणि ते शून्य तिच्याच हातानं काढायचं होतं. तिला भीती वाटली, मग स्वतःचाच राग आला.

तिनं उंबऱ्यावर बसून कागदावर पहिलं नाव लिहिलं. स्वतःचं.

सकाळी वेचणीला निघालेली तानुबाई अंगणवाडीसमोर थबकली. पायरीवर काळ्या चपलांचा जोड होता.

"हे आले का तुझे मालक?"

"न्हाई, मावशी. मालक जाताना त्यांच्या चपला घालूनच गेले. ह्या मी मानवतच्या बाजारातून आणल्यात. त्यांच्या पायात कधी गेल्याच न्हाईत."

तानुबाईनं वाकून त्या चपलांच्या न झिजलेल्या टाचा बघितल्या. मग कापूस वेचायला कमरेला बांधलेली ओटी सोडली आणि शेताकडं न जाता माघारी वळली.

दुपारी महांतेशची मोटरसायकल अंगणवाडीपुढं थांबली. पायरीवर पुरुषी चपलांचे अकरा जोड ओळीनं लावलेले होते. नवेकोरे, जुने, एकाची तर दुकानातली चिठ्ठीसुद्धा निघाली नव्हती. सगळ्यांत कापूस येऊन बसला होता. गावातली वजनदार मंडळी आत बैठकीला जमली असणार, असं महांतेशला वाटलं. त्यानं केसांवरून हात फिरवला, आपले बूट ओळीच्या शेवटी काढले आणि वाकून आत डोकावला.

आत सतरंजीवर अकरा बायका बसल्या होत्या. धम्मशीलाच्या हातातला कागद भरलेला होता.

"मालक मंडळी कुठंयत?" त्यानं विचारलं.

तानुबाईनं पायरीकडं बोट केलं. "दारात हायेत की, साहेब. मोजून घ्या."