बोक्याच्या मनातलं

प्राण्यांच्या मनातलं ओळखणाऱ्या ताई फोटो आधी कधीच बघत नसत. रूप बघितलं की आपलंच मन मध्ये लुडबुडतं, म्हणून फोटो उलटा ठेवून त्यावर तळहात टेकवत.

रुसलेल्या बोक्यासाठी आलेल्या बाईंनी पर्समधून फोटो काढून उलटा ठेवला. ताईंनी डोळे मिटले.

"गुडघे दुखतात म्हणतोय. सोफ्यावरून सारखं उठवता. तुमचा आवाज चढला की गॅलरीत जाऊन बसतो. पण तुम्हाला यायला उशीर झाला, की जीव थाऱ्यावर नसतो त्याचा."

बाईंचे डोळे भरून आले. ताईंनी समाधानाने फोटो सुलटा केला. फोटोत टाय लावलेले, टक्कल पडलेले एक गृहस्थ होते.

"अय्या, चुकून ह्यांचा दिला वाटतं," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "पण तुम्ही थांबू नका. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच एवढं बोलतायत."