दोन बोटं कापड

“आई, कात्री कुठे ठेवलीस?” बाईंनी टेबलाचा तिसरा खण ओढला.

“मी कशाला ठेवू? मला मेलीला दिसतंय का काही?” म्हातारी पलंगावरून म्हणाली.

कात्री तिच्याच उशीखाली होती. टोक बाहेर डोकावत होतं. बाईंनी ती ओढून काढली.

“हे काय?”

“सांभाळून ठेवली. तुझा हात आज जाग्यावर नाही.”

बाई टेबलाकडे वळल्या. टेबलावर मोतिया रंगाचा पायघोळ झगा उलटा पसरला होता. बाईंच्या लग्नातला. इतकी वर्षं पेटीत पडून होता, आणि आता येत्या रविवारी चर्चमधल्या लग्नात लेकीला तोच हवा होता. लग्न जरा घाईत ठरलं होतं; जावयाची बदली व्हायची होती म्हणे. नवा झगा घे म्हटलं तर पोरगी ऐकेना.

“तुझाच घालणार. आणि तू हात लावू नकोस हं, काही लागलं तर माझं मी बघेन,” तिने फोनवर बजावलं होतं. मग जरा थांबून विचारलं होतं, “आत शिवणीत कापड किती आहे गं?”

तो प्रश्न बाईंच्या डोक्यातून जात नव्हता.

लेक हल्ली स्वतःचे कपडे घरीच शिवायची. जुने उसवायची, त्यांचे ढगळ सदरे करायची. झगा हातात पडला की ती पहिली शिवण उसवणार, आणि मग तिला दिसणार. रेशमाला सुई एकदा टोचली की भोक बुजत नाही. झग्याच्या दोन्ही कुशींना, वरच्या जाळीच्या पट्टीखाली, जुन्या टाक्यांची एक बारीक रांग होती. लग्नाच्या तोंडावर म्हातारीने एक शब्द न बोलता झगा दोन बोटं सैल केला होता. रांग झाकायला ती पट्टीही तिनेच लावली होती.

शिवणाऱ्या माणसाला अशी रांग दिसली की सगळं कळतं. पुढचा हिशोब करायला कितीसा वेळ? लेक सातव्या महिन्यातच झाली, असं साऱ्या गोतावळ्याला सांगून झालं होतं. लेक स्वतःही ते मिरवायची, “मी जन्मापासूनच घाईची.”

आणि बाई कोण? शाळेच्या फाटकात उभ्या राहून मुलींच्या स्कर्टची लांबी बघणाऱ्या. लेकीला अंधार पडायच्या आत घरात घेणाऱ्या. ‘आमच्या वेळी असले प्रकार नव्हते’ हे त्यांचं वाक्य तर लेक त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायची.

लेक दुपारच्या बसने येणार होती. त्याआधी उरकायला हवं होतं.

काम तसं सोपं होतं. जुन्या रांगेच्या किंचित आतून नवी शिवण घालायची आणि बाहेर उरलेलं कापड भोकांसकट कापून टाकायचं. मापाला लेकीचा कॉलेजातला निळा ड्रेस होता. बाईंनी तो झग्यावर धरून पाहिला. कुशीला कूस लागली.

“पोरगी येऊ दे,” म्हातारी म्हणाली. “अंगाला लावू दे. मग काय कापायचं ते काप.”

“तिचं माप मला तोंडपाठ आहे. माझीच लेक आहे.”

“तुझंही मला तोंडपाठ होतं.”

बाईंनी चमकून मागे पाहिलं. म्हातारीने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

मशीन चाललं. दोरा तुटला, ओवला, पुन्हा तुटला. जिन्यात पाऊल वाजलं की बाईंचा पाय थांबायचा. सुई बोटात घुसली, तशी त्यांनी रक्त रेशमाला लागायच्या आत तोंडात बोट घातलं. मग कात्री. दोन अरुंद चिंध्या टेबलावर पडल्या. बाईंनी त्या कागदात गुंडाळल्या आणि खाली जाऊन कचऱ्याच्या पिंपात पार तळाशी खुपसल्या.

लेक आली तेव्हा झगा इस्त्री होऊन दाराला टांगलेला होता.

“चहा टाकते,” बाई म्हणाल्या.

“नको, वाससुद्धा नको. बस लागली.” लेकीने पिशवी ठेवली, ढगळ सदरा सारखा केला आणि आधी म्हातारीकडे पाहिलं. “आजी, माझा झगा?”

“तुझ्या आईला विचार.”

“झाला की!” बाई म्हणाल्या. “अगदी मापात बसवला.”

“हात लावू नकोस म्हटलं होतं ना?”

लेकीचा चेहरा पडला. हौस हुकली म्हणून रुसली असेल, बाईंना वाटलं. लेकीने झगा उलटा केला आणि कुशीच्या शिवणीवरून सावकाश अंगठा फिरवला. बाईंनी श्वास धरून ठेवला.

“आतलं कापड कुठाय?”

“विरलं होतं. कापून टाकलं.”

“सगळं?”

“सगळं.”

लेकीने झगा हातावर घेतला. बाईंच्या जिवात जीव आला. सुटले एकदाची.

आतल्या खोलीत लेकीला बराच वेळ लागला. मग ती बाहेर येऊन आरशासमोर उभी राहिली, पाठ आईकडे करून. पाठीवरचे हूक उघडे होते. बाईंनी दोन्ही कडा ओढल्या. मध्ये फट राहिली.

“श्वास आत घे.”

“घेतलाय.”

“प्रवासाने पोट फुगलंय तुझं. उद्या बसेल बघ.”

“उद्या नाही बसणार, आई. रविवारी तर मुळीच नाही.” लेक आरशातून त्यांच्याकडे बघत होती. “आजी म्हणाली होती, तुझ्या आईच्या वेळी मी दोन बोटं सैल केलाय, तुला जसाच्या तसा होईल. म्हणून तर हाच मागितला.”