धारवाल्या काकांची पारख

"एका हाताने उघडत नाही," गिऱ्हाईक म्हणालं आणि तिसराही चाकू त्याने काउंटरवर परत ठेवला.

"का हो, दुसरा हात शेजाऱ्याकडे देऊन आलात?" धारवाले काका म्हणाले.

गिऱ्हाईक हसलं नाही. "दुसरा हात मोकळा नसेल."

काकांनी चष्मा वर सरकवला. चाळीस वर्षं ते या दुकानात चाकू-कात्र्या विकत होते आणि धार लावून देत होते. चाकू विकण्यापेक्षा त्यांना कौतुक होतं ते स्वतःच्या पारखेचं. माणूस चाकू कसा धरतो त्यावरून तो भाजी चिरणार की गळा, हे आपल्याला कळतं, असं ते छातीठोकपणे सांगत. एखाद्याचं लक्षण ठीक दिसलं नाही, तरी त्याला ते नाही म्हणत नसत. नाही म्हटलं तर तो दुसऱ्या दुकानात जाणार. त्यापेक्षा ते चाकू आत नेत, पातं दगडावर उभं धरून दोनदा ओढत आणि धार बोथट करून टाकत. दिसायला पातं लखलखीत. वर "धार लावून दिली, फुकट" असंही सांगत.

"चार-पाच खून तरी वाचवले असतील मी," ते बायकोला ऐकवत.

"आणि पन्नास घरच्या भाज्या बिघडवल्या असतील," ती म्हणे.

हे गिऱ्हाईक पन्नाशीचं होतं. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. पण बोटं काही स्थिर राहत नव्हती.

"कशासाठी हवाय?"

"खिशात असावा. रोज."

"मग हा घ्या. अकरा कामं करतो बघा. कात्री, पेचकस, डबा फोडायचा आकडा. दात कोरायची काडीसुद्धा आहे."

"दात नाही कोरायचे मला. अंधारात उघडेल का? आणि बोटं ओली असली तर?"

काकांच्या कपाळाला आठी पडली. ओली कशाने, ते त्यांनी विचारलं नाही.

"आधी होता माझ्याकडे एक," गिऱ्हाईक आपणहून म्हणालं. "नख घालून उघडायचा. ऐन वेळेला उघडलाच नाही. पुन्हा तसं होऊन चालणार नाही."

काकांनी पाचवा चाकू काढला. अंगठा लावला की पातं खटकन बाहेर, मागे पोलादी टोक. गिऱ्हाइकाने तो डाव्या हाताने उघडला, उजव्या हाताने उघडला, मग डोळे मिटून उघडला. टोकाने काच फुटेल का, तेही विचारलं. मग खिशातून दोन बोटं रुंदीच्या जाड पट्ट्याचा तुकडा काढला आणि एका ओढीत कापला.

पट्टा दप्तराच्या पट्ट्यासारखाच दिसत होता. काकांची नजर आपसूक कोपऱ्याकडे गेली. तिथे स्टुलावर त्यांची नात चिमी गृहपाठ करत होती. मुलगा गेल्यापासून काकांचा सगळा जीव या आठ वर्षांच्या पोरीत अडकलेला. सून कामावरून येईपर्यंत चिमी दुकानातच असे.

गिऱ्हाईकही तिच्याकडेच बघत होतं. तिचा गणवेश त्याने नीट न्याहाळला.

"शाळेत कशी जातेस गं?"

"बसने," चिमी म्हणाली.

"कुठे बसतेस?"

"सगळ्यात मागे! खिडकीशी."

"मागे?" गिऱ्हाइकाचा चेहरा उतरला. ते पुढे काही बोलणार तोच काका खेकसले, "चिमे, आत जा! आत्ताच्या आत्ता!"

पोरगी बावरून आत पळाली. काकांच्या मनात आलं, पोलिसांना बोलवावं, पण सांगणार काय? याने चाकू घेतला आणि पोरीशी बोलला?

"हाच द्या," गिऱ्हाईक म्हणालं. भावसुद्धा केला नाही.

"देतो की," काका गोड हसले. "एक हात धार लावून देतो. फुकट."

आत जाऊन त्यांनी पातं दगडावर उभं धरलं आणि ओढलं. आज दोनदा नाही, दहा-बारा वेळा, पार टोकापर्यंत. मग तेल लावून कागदात गुंडाळून दिलं. "सकाळपर्यंत उघडू नका. तेल मुरू द्या."

"तुमचे उपकार झाले," गिऱ्हाईक म्हणालं. त्याचे डोळे भरून आले होते. काकांना वाटलं, काय नाटकी माणूस आहे!

जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. "दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. मी नाही फसत." या वेळी बायकोने थट्टा केली नाही. तिने चिमीला जवळ ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा शिंपी धापा टाकत दुकानात आला. शाळेची बस कालव्यात गेली होती.

काका अनवाणी धावले. काठावर एकवीस मुलं चादरी गुंडाळून बसवली होती. काकांनी एकेक चेहरा पाहिला. मग पुन्हा पहिल्यापासून पाहिला. पलीकडे सून चिखलात बसली होती आणि तिच्या मांडीवर बाविसावी चादर होती. ती तोंडावरून ओढलेली होती.

"नवा ड्रायव्हर हो, आज पहिलाच दिवस," अग्निशमन दलाचा जवान कुणाला तरी सांगत होता. "पाइप फुटून ब्रेक गेले, तो काय करणार? पण काचा फोडून सगळी पोरं काढली त्याने. मागच्या खिडकीशी होती तेवढी राहिली. तिच्या सीटचा पट्टा अडकला होता. किती वेळा खाली गेला बिचारा! पट्ट्यावर नुसते ओरखडे आहेत."

ड्रायव्हर काठावर गुडघ्यांवर बसला होता. इस्त्रीचा शर्ट चिखलाने माखला होता, तळहात सोलून रक्त येत होतं. काकांना बघताच त्याने हात जोडले, मुठीत चाकू तसाच.

"काका, तुमचा काही दोष नाही," तो हुंदके देत म्हणाला. "चाकू एका हाताने उघडला. धारही तुम्ही स्वतः लावून दिली होती. माझाच हात कमी पडला."