‘शांतता राखा’ची रेंज

“घरात वायफाय वापरणारी माणसं किती?” दुकानदाराने विचारलं.

बाबाने तोंड उघडायच्या आत भिंगरीने तीन सांगून टाकलं. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण एका जागी बसवत नाही म्हणून घरात सगळे भिंगरीच म्हणत. बाबाने तिच्याकडे पाहिलं, मग काउंटरच्या काचेकडे.

“एक,” तो म्हणाला. “ही येते अधूनमधून.”

दुकानदाराने चार अँटेनांचा राउटर बाजूला सारला आणि खालच्या कप्प्यातून एक छोटुकला काढला. एका खोलीला हा डोक्यावरून पाणी, म्हणाला. भिंगरीला ते खेळणं बघवेना. तिने वाद घातला. भिंती जाड आहेत, पुढेमागे माणसं वाढतील, शिवाय मॅच असली की हा माणूस टीव्ही, फोन आणि लॅपटॉप तिन्ही एकदम लावून बसतो. दुकानदार हसला, बाबा नाही हसला. शेवटी मधला राउटर घेतला. मग कनेक्शन महिन्याचं हवं की वर्षाचं, असा प्रश्न आला.

“वर्षाचं द्या,” बाबा म्हणाला.

थोडे दिवस, असं म्हणून तो घरातून निघाला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कंपनीने शहराच्या दुसऱ्या टोकाचं काम देऊ केलं आणि त्याने आईला न विचारता होकार कळवला. आई भडकली. मग तिकडेच राहा, म्हणाली. राग आला की ती असं काहीही म्हणायची आणि चहा होईपर्यंत विसरायची. पण या वेळी बाबा खरंच तिकडे राहायला गेला. पंख्याच्या दिवसांत गेला, आता स्वेटर निघाले होते. बोलावल्याशिवाय येणार नाही, हे त्याचं. हाकललं नाही तर बोलावू कशाला, हे तिचं. भिंगरी मधल्या मधे दोन्हीकडचे निरोप वाहत होती आणि वाटेत त्यातली तिखट वाक्यं गाळत होती. थोडे दिवस, हे तिने इतके दिवस खरं धरलं होतं. पण थोड्या दिवसांसाठी कोणी राउटर विकत घेतं का?

बाबा एक्स्टेन्शन बोर्ड बघत होता, तेवढ्यात तिने बाहेर फुटपाथवर येऊन आईला फोन लावला. आई औषधांच्या दुकानात कामावर होती. भिंगरीने एका श्वासात सगळं सांगितलं. या वेळी तिने काहीच गाळलं नाही. आई फक्त “वर्षाचं?” एवढंच म्हणाली, आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवून दिला. गिऱ्हाईक! भिंगरीला फोन रस्त्यात आपटावासा वाटला.

बाजारातच जेवून परतायला त्यांना दोन तास लागले. बाबाची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागूनच होती. केबलवाल्याने वायर सकाळीच खिडकीतून आत घेऊन ठेवली होती. बाबाला राउटर लोखंडी कपाटावर हवा होता, बॅगेच्या मागे, म्हणजे दिसायला नको. लोखंडाने सिग्नल अडतो, असं भिंगरीने सांगितलं. कपाटावर नको, जमिनीवर नको, खिडकीत तर नकोच, नाहीतर कावळ्यांना फुकट नेट. शेवटी दाराजवळच्या फळीवर जागा ठरली. बाबाने तिथले बूट काढले आणि ते हातात घेऊन उगाच खोलीभर हिंडत राहिला.

“इंजिनियरबाई, किती वेळ?”

“बसशील का जरा? दिवा हिरवा होऊ दे.”

तो बसला. लगेच उठला. दिवा लाल, मग पिवळा, मग हिरवा झाला. ॲपने नाव आणि पासवर्ड विचारला. नवं नाव दिलं की प्रत्येक यंत्रावर पुन्हा टाइप करत बसा, म्हणून भिंगरी कुठेही राउटर जोडला तरी तेच टाकायची, जुनं नाव आणि जुना पासवर्ड. घरात सगळे चढ्या आवाजात बोलतात, म्हणून तिथल्या वायफायला तिने ‘शांतता राखा’ नाव दिलं होतं. इथेही तेच टाकलं. तिचा फोन आपोआप जोडला गेला. मग बाबाचा; घरातल्या सगळ्यांच्या फोनना तिनेच नावं दिली होती, याचं ‘भोंगा’. मग लॅपटॉप.

बाबाने स्वतःच्या फोनवर ‘शांतता राखा’ वाचलं आणि हिंडायचा थांबला.

“हे बदल,” तो म्हणाला. “हे घराचं आहे.”

“मग हे कोणाचं आहे?”

बाबा बूट पुन्हा त्याच फळीवर ठेवायला गेला, जागा नाही म्हणून परत आला. भिंगरी मान खाली घालून बसली. रडायचं नाही असं तिने बजावून ठेवलं होतं, आणि हे असलं बजावलेलं कधी पाळलं जातं? नाव बदलायचं पान तिने उघडलं. ‘शांतता राखा’ मागून एकेक अक्षर पुसायला बोट टेकवणार, तोच फोन थरथरला.

नवीन उपकरण जोडले गेले. आईसाहेब.

तिने ते दोनदा वाचलं. मग फोन बाबासमोर धरला.

“बिघडलाय तुझा डबा,” बाबा म्हणाला. “तिथून इथपर्यंत रेंज येईल का?”

“नाही येत, बाबा.” भिंगरी उठून उभी राहिली. “याची रेंज फार तर आपल्या जिन्यापर्यंत जाते.”

बाबाने दाराकडे पाहिलं. बाहेरून अजून कोणी टकटकसुद्धा केली नव्हती.